सहा फुल्या

६ फेब्रुवारी
परांची लागली! तिच्यावर हिरवी जाळी, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसभर हिरवा उजेड. दूधसुद्धा हिरवं दिसतंय. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच इमारतीची दर्शनी बाजू आणि अंगण नीट होणार, आणि देखरेख माझ्याकडे — घरात धांदरट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माझ्याकडे! हे म्हणाले, इमारत शिल्लक ठेव म्हणजे झालं.

९ फेब्रुवारी
मिस्त्री हातोडीनं टकटक करत भिंतभर फिरतात. आवाज पोकळ आला की खडूनं फुली, म्हणजे तो गिलावा पाडायचा. जे ठेवायचं त्यावर गोल. मलाही खडू दिला आणि अंगणात काय ठेवायचं, काय पाडायचं ते तुम्हीच दाखवा म्हणाले. केवढा मान! नळाच्या ओट्यावर गोल. दगडी पायरीवर गोल. गंजलेल्या पत्र्याच्या शेडवर मनापासून फुली.

उरली भिंत. अंगण मधोमध कापणारी, डोक्याएवढी उंच, ओबडधोबड. अकरा वर्षांपूर्वी स्कूटर कुठे लावायच्या यावरून पुढची बाजू आणि मागची बाजू हमरीतुमरीवर आली, तेव्हा "मग भिंतच घाला ना मध्ये" हे मीच म्हणाले होते. मागच्या बाजूला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्या म्हणाल्या, "घाला, आणि चांगली उंच घाला." घातली! दोघे भाऊ महिन्याभरात भांडण विसरले, रोज सकाळी एकत्र फिरायला जातात. आम्ही दोघी जावा मात्र तेव्हापासून एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही.

१० फेब्रुवारी
ह्यांच्याकडून जाऊबाईंचा निरोप — भिंतीला हात लागता कामा नये. मागची सगळी बाजू त्यांच्या शब्दाबाहेर नाही. मला वाटलं होतं, या निमित्तानं तरी... जाऊ दे.

संध्याकाळी भिंतीवर गोल काढला. चांगला ताटाएवढा. फार वाईट वाटलं. मी या घरात नवीन होते तेव्हा माझी करपलेली भांडी सासूबाईंच्या नजरेला पडायच्या आत जाऊबाईच घासून ठेवायच्या. आजही काही करपलं की त्यांची आठवण येते, आणि माझं बऱ्याचदा करपतं.

११ फेब्रुवारी
भिंत पाडली!! बाजारातून येते तर विटांचा ढीग! तोंडचं पाणी पळालं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बाई, सहा फुल्या होत्या की तिच्यावर." ढिगातल्या विटांवर खडूच्या रेघा मी स्वतः पाहिल्या. म्हणजे मी गोलाऐवजी फुल्या... आणि त्याही सहा? गोल काढल्याचं तर चांगलं आठवतंय. पण मला चष्मा फ्रिजमध्ये ठेवल्याचंही आठवत नव्हतं. हे पोट धरून हसले.

रविवारी सभा. जाऊबाई म्हणाल्या तर भिंत पुन्हा उभी राहणार. आणि त्या म्हणणारच.

१३ फेब्रुवारी
ऊन! मागच्या दारापासून थेट आमच्या पायरीपर्यंत! तळमजल्यावरचे शिंपी मशीन घेऊन बाहेर येऊन बसले. मागच्या बाजूच्या नर्सबाई खुर्ची घेऊन सरळ आमच्या हद्दीत. मुलांनी तर विटांच्या ढिगावर किल्ला केला. चूक माझी, आणि आनंदही मलाच सगळ्यात जास्त — लाज वाटायला हवी खरं तर. जाऊबाईंची खिडकी बंद होती. रविवारपर्यंतच आहे म्हणून मी काम नसताना तीनदा खाली जाऊन आले.

१६ फेब्रुवारी
सभा अंगणातच भरली. आधी दर्शनी बाजूचा रंग ठरला. फिकट पिवळा, चक्क एकमतानं! मग भिंत. मी उभी राहिले, चूक माझी म्हणून सांगितलं, माफी मागितली, पुन्हा बांधायची तर विटा मी उचलून देईन म्हणाले. नको होती मला ती भिंत, पण तसं कोणत्या तोंडानं म्हणणार?

सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. त्या खाली फरशीकडे बघत होत्या.

"माझ्या दारात ऊन येतंय," त्या म्हणाल्या. "राहू दे असंच."

जीव भांड्यात पडला! मागच्या बाजूचे हात भराभर वर गेले. जाऊबाई माझ्याकडे न बघताच आपल्या दारातून आत गेल्या.

१७ फेब्रुवारी
जाऊबाई आल्या. अकरा वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात! स्टुलावर बसल्या, चहा अर्धा संपवला, मग म्हणाल्या, "तू गोलच काढला होतास गं. मी पहाटे ओल्या फडक्यानं पुसला. एका फुलीनं मिस्त्रींच्या लक्षात येईल न येईल, म्हणून सहा मारल्या."