साहेबांच्या छातीतून धूर

भावजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचा खोकला थांबला असेल, जाऊबाईंचा गुडघाही वळायला लागला असेल. मी ठीक आहे असं लिहिणार होते, पण आज सकाळी जे झालं ते आधी वाचा.

त्या शिंपी पक्ष्यासाठी तुमच्या दादांनी तीन वर्षं गॅलरीत बसून काढली आणि एकही धड फोटो न मिळता ते गेले. (पक्षी अंगठ्याएवढा, झुडपाच्या सावलीतून हलायचा नाही, आणि तिथवर फ्लॅशचा उजेड पोचायचा नाही.) म्हणून तुम्ही उजेड लांब फेकणारं ते प्लॅस्टिकचं भिंग फ्लॅशपुढे लावायला दिलंत. म्हटलं, त्यांचा राहिलेला फोटो आपण काढू. माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. (मधूनच पान उघडणं मला जमत नाही.) आज सकाळी सहाव्या पानावर होते. भिंग त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकवलेलं, आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांचा करडा स्वेटर, दीड वर्षं आहे तसाच. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून मास्तर ओरडले, "अहो बाई, साहेबांच्या छातीतून धूर येतोय!"

भावजी, क्षणभर वाटलं, हे परत आलेत आणि सिगारेट ओढतायत. (सोडली होती म्हणे!) हातातला चहा स्वेटरवर ओतला. भिंगातून ऊन पडून डाव्या बाजूला बटणाएवढं भोक. जाऊबाईंकडची रफूची सुई पाठवा. "उन्हात ठेवल्यास आग लागेल" हे आठव्या पानावर, अगदी तळाशी छापलंय. असली गोष्ट शेवटी सांगतात का?

मी भिंतीला टेकून बसून राहिले. आणि शिंपी आला! थेट स्वेटरवर, माझ्यापासून दोन हातांवर, भोकातला धागा ओढायला लागला. मी त्यांचा कॅमेरा उचलला. लांबचं टिपणारी लेन्स नुसती कुरकुरली. चार मीटरच्या आतलं तिला दिसतच नाही. मागे सरकावं तर भिंत. फ्लॅश मात्र उडाला आणि फोटोत आलं पांढरं धुकं. ज्याची तीन वर्षं वाट पाहिली तो मांडीशी आला, आणि त्यांची लेन्स म्हणते, लांब हो!

रविवारी येऊन सगळं सामान घेऊन जा. मला ते डोळ्यांसमोर नको.

तुमची वहिनी

ता. क. रविवारी याच, पण न्यायला नको. तुमची जवळचं टिपणारी छोटी लेन्स घेऊन या.

आणखी एक. रफूची सुई राहू द्या. आता शिंपी बायकोलाही घेऊन आलाय. एक बाही तरी लागेल त्यांच्या घरट्याला.