डाव कुणाच्या हातात

आप्पा, तुमच्या नातवानं आज सगळ्या बायकांसमोर मला म्हटलं, "आत्या, जमत नसंल तर घरी बस," आणि ह्याला कारण तुम्ही आहात. दुसरं कोण? बाकीच्यांचे बाप जाताना शेताचा तुकडा ठेवतात, ते नाही तर निदान कोर्टातलं एखादं भांडण तरी ठेवतात. तुम्ही काय ठेवलंत? लांब दांड्याचा एक डाव आणि त्या डावाची एक गोष्ट. डाव भिंतीला टांगलाय, तो गप आहे. गोष्ट काही गप बसत न्हाय. एवढी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी कामावर माझ्या कानाशी बडबडते, आणि शिव्या मला खायला लागतात. अक्षर बघून हसू नका. चौथीतनं शाळा तुम्हीच सोडवलीत.

तुम्हाला काय माहीत असणार म्हणून सांगते. निपाणीतली ती तंबाखूची जुनी वखार, जिच्यावरनं जाताना तुम्ही नाकाला उपरणं लावायचात, तिथं आता शिवणमशीनी आहेत. आम्ही सैन्याचे पट्टे शिवतो. लढताना जवान घायाळ झाला की त्याला स्ट्रेचरवर घालून डोंगरावरनं खाली आणतात, त्या स्ट्रेचरचे पट्टे. पट्टा कडीत घालून दुमडायचा, दुमडीवर चौकट शिवायची, चौकटीत फुली मारायची. माणसाचा सगळा भार त्या फुलीवर. ऑर्डर लांबच्या कुठल्या मोठ्या कंपनीची. तिनं ती दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं बेळगावच्या एकाला, बेळगाववाल्यानं आमच्या मालकाला. प्रत्येकानं आपला घास काढून घेतला आणि ताट खाली सरकवलं. आमच्यापर्यंत येईस्तोवर ताटात उरला तो बारीक दोरा. सैन्यानं पास केलेला दोरा जाड, मेण लावल्यासारखा. तो कपाटात कुलपात असतो. आमच्या मशीनवर येतो तो बाजारचा. रंग तोच, हिरवा. लांबनं बघणाऱ्याला काय कळतंय?

आणि बघणारा लांबनंच बघतो, हेच तर सांगायला बसले आहे. जाड दोऱ्याचे थोडे पट्टे वेगळे शिवून ठेवतात. तपासणीचा साहेब आला की ते ट्रेमध्ये घालून त्याच्यापुढं ठेवायचे. ट्रे मी नेते, कारण मी कुणाला भीत नाही असा सगळ्यांचा समज आहे. त्या पट्ट्यांना मी एकदा गमतीनं नैवेद्य म्हटलं. सगळ्या बायका पदर तोंडात घालून हसल्या. आता शब्द असा रुळलाय की तुमचा नातूच विचारतो, "आत्या, नैवेद्य काढला काय?" तो तिथं सुपरवायझर आहे. भावाचा पोरगा, माझा भाचा, आणि माझी लेक त्याला दिली म्हणून जावई पण. मला कामावर त्यानंच घेतलं. पण आप्पा, आपल्या घरी नैवेद्य निघायचा तो घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यातला. आई देवासाठी वेगळं कधी शिजवायची नाही. ह्यांचा नैवेद्य वेगळ्या चुलीवरचा, आणि शब्द माझा. तो मला आता परत घेता येत नाही.

साहेब माणूस म्हणून वाईट नाही. बेळगावहून गाडीनं येतो, बायकांना नमस्कार करतो, चहात साखर नको म्हणतो. पण वखारीत अजून तंबाखूचा खकाणा आहे. आमच्या नाकाला तो कळत नाही, त्याला उंबऱ्यातच शिंका सुटतात. म्हणून तो आत येतच नाही. बाहेर व्हरांड्यात पंख्याखाली बसतो. मी ट्रे नेते, तो त्यातला एक पट्टा उचलतो, हुकाला लावून वाळूची पोती टांगायला लावतो. पट्टा तुटत नाही. कसा तुटेल? मागच्या खेपेला जावई म्हणाला, "साहेब, आत सगळा असाच माल आहे," आणि साहेबाला अशी शिंक आली की बशीतला कप हलला. माझ्या शेजारच्या मशीनवर एक सदलग्याची बाई आहे, अंगानं दांडगी, तोंडाला कुलूप नसलेली. ती मोठ्यानं म्हणाली, "सत्य!" शिंक म्हणजे बोलणं खरं, म्हणतात ना, तसं. आम्ही हसलो, साहेब पण हसला, आणि हसता हसता सही झाली. मी पण हसले, आप्पा. 

मला राहून राहून बिडीचे दिवस आठवतात. लग्न होऊन आले तेव्हा मी बिड्याच वळायची. तिथला तपासणारा मेला कसा होता! आपण पुढं केलेली जुडी त्यानं कधी घेतली नाही. हात घालून मधली नाही तर तळातली उचलायचा, बिडी बोटात दाबून कानाशी न्यायचा, सैल लागली की जुडीच्या जुडी छाट, म्हणजे बाद. मी त्याच्या नावानं बोटं मोडलीत. त्याचा मुडदा बसवलाय कितीदा. आणि आज वाटतं, चार झुरक्यांत संपणाऱ्या बिडीला छाट होती, आणि ज्याच्यावर पोटात गोळी लागलेलं पोरगं टांगायचं त्या पट्ट्याला छाट नाही.

आज काय झालं ते ऐका. दुपारी लाईट गेली. मशीनी बंद, बायका रिकाम्या. सदलग्याची म्हणाली, "चल गं, झोपाळा करू." तयार मालाच्या थप्पीतला, नैवेद्यातला नव्हे, एक पट्टा ओढला, वखारीच्या खांबाच्या हुकाला अडकवला आणि ती त्यात बसली. पाय वर घेऊन एक झोका घेतला. बायका टाळ्या वाजवतायत, कुणीतरी पाळणा म्हणतंय. दुसऱ्या झोक्याला टर्रकन आवाज झाला आणि ती खाली. पहिल्यांदा सगळ्या फुटून हसल्या. मग फुली उसवलेली दिसली आणि एकेक वाकून बघायला लागली. ती उठली, लुगडं झाडलं आणि म्हणाली, "मी निदान फरशीवर पडले."

मी तो पट्टा उचलला आणि जावयाच्या टेबलावर नेऊन टाकला. सदलग्याची मागनं पदर ओढत होती, "सुम्म इर आक्का, सुम्म इर." गप बस, गप बस. मी कसली गप बसते.

तो म्हणाला, "आत्या, पट्टा काय झोपाळ्यासाठी हाय?"

म्हटलं, "न्हाय. माणसासाठी हाय. ती काय म्हस हाय?"

"हळू बोल. सैन्याचं काम हाय. बाहेर जाता कामा नये, दारावर लिवलंय."

"दारावर लिवलंय ते शत्रूसाठी रं. मी शत्रू हाय? का तुझी फुली?"

"वरनं जो दोरा येतो तो मी देतो. मी काय दोरा पिकवतो?"

"मग साहेबाला आत आण. त्याच्या हातानं उचलू दे की एक."

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. वाईट पोरगं नाही ते, तुमचंच नाक आहे त्याला. म्हणाला, "आणि सगळा माल परत आला तर मालक कुणाला धरंल? मालकाला वरचा धरंल, आणि मालक मला. ह्या बायकांच्या चुली तू पेटवणार? तुझ्या लेकीची?"

मी तुमची गोष्ट काढली. लहानपणी त्याला पण तीच सांगून झोपवलाय. त्यानं हात जोडले. "आज्ज्याचं मला सांगू नको, आत्या. आज्ज्याला पेन्शन होती." आणि मग ते, जमत नसंल तर घरी बस. सोमवारी साहेब येतोय, ट्रे न्यायचा असंल तर गप न्यायचा. लाईट आलीच नाही, म्हणून लवकर सोडलं. घरी आले, चहा टाकला नाही, तशीच तुमच्या डावाखाली लिहायला बसले.

आता गोष्ट. तुम्ही सांगायचात तशी आधी सांगते. तुम्ही पलटणीत लांगरी, जवानांचा सैपाक तुमच्याकडं. जेवण वाढायच्या आधी ड्यूटीवरचा साहेब येऊन चाखणार, हा तिथला नियम. तुम्ही म्हणायचात, "लांगऱ्यानं वाढून द्यायचं न्हाय. डाव साहेबाच्या हातात द्यायचा. कुठल्या पातेल्यात घालायचा ते साहेब ठरवणार. डाव आपल्या हातात ऱ्हायला की माणूस डाव खेळतो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायचात. पेन्शनीत येताना तो जुना डाव मागून घेतलात. गावात कुणी जेवण घातलं की तुम्ही हीच गोष्ट सांगणार. लोक माना डोलवायचे.

पण आप्पा, ही गोष्ट ज्या दिवशी घडली त्या दिवशी मी तिथं होते. बेळगावला पलटणीत बडा खाना होता, जवानांच्या घरच्यांना पण बोलावलेलं. मी आईचा हात सोडून लंगराच्या, म्हणजे तुमच्या सैपाकघराच्या, दारात येऊन उभी राहिले. अजून दिसतंय मला. तुम्ही पुढच्या पातेल्यातली डाळ वाटीत घेता आणि तरण्या साहेबापुढं धरता. मागच्या पातेल्याची डाळ बुडाला लागली आहे, मला दारात वास येतोय, आणि तुम्ही त्या पातेल्याला पाठ लावून उभे आहात. साहेबाचा हात वाटीकडं जातो. तेवढ्यात म्हातारा सुभेदार बोलतो, मोठ्यानं नाही, "लांगरी, डाव साहेबाच्या हातात दे." तुमचा हात तिथंच थांबतो. मग तुम्ही बाजूला सरता. साहेब मागच्या पातेल्यात डाव घालतो, चाखतो आणि डाव खाली ठेवतो. त्या दिवशी जवान उशिरा जेवले आणि तुमची सुट्टी कापली. घरी येऊन आईला काय सांगितलंत? "मी डाव साहेबाच्या हातात दिला." खोटं नाही. दिलातच की.

मी हे कुणाला बोलले नाही. आईला नाही, भावाला नाही. आज पोराचं तोंड बंद करायला बोलले असते, पण जीभ उचलली नाही. त्याला वाटतं आज्जा आधीपासनंच सरळ होता, त्याला सोपं होतं. मला ठाऊक आहे, सोपं नव्हतं. तिथं सुभेदार होता.

आमच्याकडं सुभेदार कुठं आहे? टीव्ही लावला की विमानांच्या नाही तर तोफांच्या सौद्यावर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडतात. ओरडू देत, निदान ओरडतात तरी. पट्टा लई बारका. त्याच्यासाठी कोण ओरडणार? वरच्या प्रत्येकाकडं खालच्यानं दिलेला चांगुलपणाचा कागद आहे, आणि कुणी कुणाच्या पातेल्यात डाव घातलेला नाही. वर देशाचं काम म्हणून तोंडाला फडकं. घायाळ पोरगं काय तक्रार करणार? ते पडलं की डोंगराच्या नावावर जाईल, पाय घसरला म्हणतील. निपाणीच्या दोऱ्याचं नाव निघणार न्हाय.

सोमवारी ट्रे मीच नेणार आहे. मला लई काही बोलायचं नाही. चोर म्हणायचं नाही, दोरा दाखवायचा नाही. ट्रे बाजूला ठेवून एवढंच म्हणायचं, "साहेब, आत चला, तुमच्या हातानं उचला." शिंकांचं कारण नको म्हणून त्याच्या नाकाला बांधायला धुतलेला रुमाल पिशवीत घातलाय. पुढचं मला दिसतंय. जावयाची नोकरी आधी जाईल, मालकाच्या केसाला पण धक्का लागणार नाही. लेक माझ्या दारात येऊन भांडेल, नाही तर दारात येणंच बंद करील. सदलग्याची मला आक्का म्हणणार नाही. हे सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडं उभं आहे, आणि मी, जी कुणाला भीत नाही, आज मघाशी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं तर आवाज फुटला नाही.

म्हणून विचारते. तो सुभेदार त्या दिवशी तिथं नसता, तर तुम्ही डाव दिला असता का? गोष्ट सांगू नका. व्हय का न्हाय, एवढंच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला कळतंय. घडी करून डावाच्या मागं भिंतीत खोचणार. आणि खरं सांगते आप्पा, व्हय आलं तर मला धीर यायचा नाही. तुम्ही मोठे, मी कोण, असंच वाटेल. मी न्हायची वाट बघते आहे. रविवारी दिवे लागायच्या आत सांगा. सोमवारी साहेब येतोय.