पोलादपंख आणि कापलेली पट्टी

४ जून

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या लहानपणीच्या चित्रकथेतल्या पोलादपंखाचा सिनेमा अखेर पाहिला. खिडकीवरच्या मुलीने तिकीट देताना विचारलं, नातवंडं कुठे आहेत? म्हटलं, बाई, नातवंड मीच. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला माझं डोकं फिरलं. पोलादपंखाचं घर पाण्याच्या टाकीत असायचं, ते ह्यांनी काचेच्या महालात नेलं आहे. छत्रीत पंख दडवायची कल्पना तर गाळूनच टाकली. सावल्या चोरणारा घड्याळजी दोन तास आपल्या बालपणाचं रडगाणं गातो. अरे, चोरतोस तर चोर, कारणं कसली देतोस?

तेही मी चालवून घेतलं असतं. पण उडण्याचा नियमच नाही! पोलादपंख उडतो तेव्हा घरी त्याच्या माणसाने खिडकीत बसून आकडे मोजायचे असतात, मोजणी चुकली की तो कोसळतो. नवव्या अंकातला नियम. त्याशिवाय पोलादपंख म्हणजे नुसता उडता पत्रा.

इथल्या वाचनालयात दर रविवारी आमची चाहत्यांची मंडळी जमते. सावली चोरली तर माणसाला ऊन जास्त लागेल का, यावर एका नर्सबाईंचं आणि एका इंजिनिअरचं तीन आठवडे भांडण चालू आहे. मी उठून नियम सांगितला तर सगळे माझ्याकडे बघत बसले. दातांच्या डॉक्टरांकडे सगळे अंक आहेत. ते म्हणाले, असं कुठेच नाही, तुम्ही स्वप्नात वाचलं असेल. मी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, मी काय वाचलं ते मला शिकवतायत! पुढच्या पंधरवड्यात पुरावा आणते, असं भर सभेत सांगून आले आहे. तेव्हा बाबांनी बांधलेला आपला खंड लगेच पाठव, नाहीतर माझं नाक कापलं जाईल.

वहिनीला नमस्कार सांग. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

१३ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून वहिनी इतकी हसली की तिचा चहा सांडला. सिनेमा मी पाहिला नाही. गुडघे तीन तास दुमडून बसायला तयार नाहीत. पण टाकीच्या बाबतीत मी सिनेमावाल्यांच्या बाजूने आहे. पंख पोलादाचे आणि राहायला पाणी! आठवड्यात गंजून खुळखुळा झाला असता. तू तेव्हाही ऐकायची नाहीस. छत्री उघडून बाबांच्या कागद कापायच्या टेबलावरून उडी मारलीस आणि हनुवटी फोडून घेतलीस, ती खूण अजून असेल.

खंड सोबत पाठवतो आहे. काल बाइंडिंगखान्यात माळ्यावरून काढला, पुठ्ठा नवा लावला, पाठीला कापड लावलं. पण नववा अंक उघडण्याआधी हे वाच.

बाबांना पुस्तक चारी बाजूंनी सारखं हवं असायचं. अंक लहानमोठे यायचे. बाबा सगळ्यांत लहान अंक धरून बाकीचे त्या मापाने कापायचे. म्हणून मोठ्या अंकांची तळाची पट्टी गेली, तिच्यावरचा मजकूर गेला. चित्रात पोलादपंख तोंड उघडून उभा आणि बोलणं कात्रणाच्या ढिगात. तुला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो. कापलेली पट्टी आली की मनाचं लावून द्यायचो. घड्याळजीला गुदगुल्या सहन होत नाहीत, हेही माझंच.

नियमही माझाच आहे, धाकटे. नवव्या अंकाच्या त्या पानाखाली काय होतं, ते मी नंतर दुसऱ्याच्या न कापलेल्या अंकात पाहिलं. बुटाच्या पॉलिशची जाहिरात होती. डॉक्टरांचं बरोबर आहे. सभेत जाऊ नकोस, किंवा जा आणि सगळा दोष माझ्यावर ढकल. तुला एवढी वर्षं सांगायचं राहिलं, त्याबद्दल कान धरतो.

राग आला तरी तो पत्रातच काढावा आणि पत्र मात्र पाठवावं.

तुझा,
दादा

१६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र टाकलं नाही. वहिनीचे दोन फोन आले, बरी आहे एवढंच सांगितलं. रागावले नव्हते रे. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

सभेत गेले. जाहिरातीचं सांगितलं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. नर्सबाई म्हणाल्या, नियम खोटा असला तरी सिनेमात हवा होता. डॉक्टरांनीसुद्धा मान हलवली. सगळ्या अंकांत मिळून एवढी चांगली कल्पना नाही, असं ठरलं. तुझ्या नावाने टाळ्या पडल्या. घरी आले आणि दार लावून रडले.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. तू मला नियम वाचून दाखवलास आणि मी विचारलं, आईसाठी पण मोजलं तर चालेल का? तू म्हणालास, चालेल, मोज. मी खिडकीत बसले. मला शंभरापर्यंतच येत होतं, म्हणून शंभर झाले की पुन्हा एकपासून. तू खाली गेलास. दुपारचं ऊन अंगावर येत होतं. कधीतरी डोळा लागला. उठले तेव्हा मावशी आली होती, मला जवळ घेऊन रडत होती.

मी पाच वर्षांची होते. मला कळायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. मोठेपणी हे सगळं खुळं आहे, हेही समजलं. पण समजलं म्हणून काय झालं? लेक परदेशी जायला विमानात बसला की मी अजून मोजते. अकरा तास. झोप येऊ नये म्हणून उभी राहते. तुझं पत्र आलं आणि वाटलं, जो नियम नव्हताच तो मोडल्याचं ओझं मी छप्पन वर्षं वाहिलं. तरी ते उतरत नाही, दादा. आकडा चुकला तो माझाच ना?

सावकाश उत्तर दे. माया असू दे.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सावकाश कसलं, पत्र हातात पडलं तसा लिहायला बसलो आहे. बाहेर दोन गिऱ्हाईकं खोळंबली आहेत. खोळंबू देत.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. नियम मी केला हे सांगितलं, कधी केला ते सांगितलं नाही. वाटलं होतं, तुला काही आठवत नसेल. म्हाताऱ्या माणसाने उगाच का उकरावं?

त्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखान्यातला माणूस निरोप घेऊन आला. बाबा कटिंग मशीनजवळ उभे होते. त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, मावशी येईपर्यंत धाकटीला वर गुंतवून ठेव, तिला आत्ताच काही कळू देऊ नकोस. मी अकरा वर्षांचा. गुंतवायचं कसं? हाताशी खंड होता. उघडला तर कापलेली पट्टी समोर आली, आणि तोंडाला आलं ते वाचून दाखवलं. तू आईचं विचारलंस तेव्हा नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तुला मोजायला बसवून मी खाली आलो आणि कात्रणाच्या ढिगात तोंड खुपसून रडलो. वर तुझे आकडे ऐकू येत होते. ते थांबले तेव्हा मला बरं वाटलं, की पोरीला झोप लागली.

तू आकडा चुकली नाहीस, धाकटे. तू एक म्हणालीस तेव्हा दहा वाजले होते. आईला जाऊन तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

तुझा,
दादा