संत्र्याची गोळी विरघळेपर्यंत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या तक्रारीमुळे साष्टांगातून गुडघे तूर्त वगळले आहेत. बाकीची अंगं नेहमीप्रमाणे तुझ्या पायांशी हजर आहेत असं समजावं.) इकडे सगळं क्षेम आहे. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्याबद्दलची तिची सगळी मतं जिथल्या तिथे आहेत. तुझी खुशाली तू कळवतेसच. भावोजी गेल्यापासून तुझी जेवढी पत्रं आली त्या प्रत्येकात 'मी ठीक आहे, काळजी नसावी' एवढंच आणि खाली सही. ताई, कामगार संघटनेच्या कामात माझा जन्म निवेदनं लिहिण्यात आणि वाचण्यात गेला. 'परिस्थिती समाधानकारक आहे' असं मालकांनी एका ओळीत कळवलं, की आत कुठेतरी काहीतरी जळतंय हे आम्ही ओळखायचो. आणि फोन तर तू उचलतच नाहीस. माझा नाही, भाचीचा नाही, कोणाचाच नाही. भाची येऊन राहिली होती तेव्हाही तो वाजत राहिला आणि तू तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिलीस, असं ती सांगत होती. म्हणून हे पत्र. पत्राला घंटा नसते.

(पूर्वी तू माझा फोन उचलायचीस, रिसीव्हर टेबलावर ठेवायचीस आणि वाटाणे सोलत बसायचीस, मधूनच वाकून त्यात 'हो ना' म्हणायचीस, हे मला भावोजींनी केव्हाच सांगितलं होतं. मी मनाला लावून घेतलं नाही. गेटसभेत याहून वाईट श्रोते पाहिले आहेत. त्यांच्याकडे तर वाटाणेही नसायचे.)

आता माझी हकिगत ऐक. गुडघा धरून मी इथल्या आरोग्य केंद्रात गेलो. सोबत ही होतीच, कारण माझी लक्षणं मी सांगायला लागलो तर डॉक्टरांची जेवणाची सुट्टी बुडते, असं तिचं म्हणणं. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि म्हणाल्या की यात औषध देण्यासारखं काही नाही, चालायला हवं, माणसांत मिसळायला हवं, आणि त्यासाठी शेवटच्या खोलीतल्या बाईंना भेटा. मी म्हणालो, माणसांत मी कायमच मिसळलेला आहे, उलट माणसांनाच वेगळं व्हायला वेळ लागतो. त्यावर त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि हिने त्यांच्याकडे. या पाहण्यात एक अख्खा ठराव एकमताने मंजूर झाला.

शेवटची खोली म्हणजे काय, तर दवाखान्याचा लांबच लांब बोळ संपतो, तिथून स्वच्छतागृहाचा बाण दाखवेल तिकडे वळायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, आणि मग एक दार लागतं. दारावर पाटी आहे, पण दार उघडं असलं की पाटी भिंतीकडे तोंड करते. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर आपल्या भागाचा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या खोचलेल्या. हिरवी म्हणजे चालणाऱ्यांचा गट, निळी म्हणजे श्वासाचे व्यायाम, पिवळी म्हणजे बाग, लाल म्हणजे घरातलं माणूस गेलेल्यांनी एकत्र बसायची जागा. कुठे वाचनालयाची मागची खोली, कुठे पोहण्याच्या तलावावरचा हॉल. सगळं आपल्याच रस्त्यांवर, सगळं फुकट, आणि इतकी वर्षं त्यावरून जाता-येता मला एकाचाही पत्ता नव्हता. ताई, मी तिथे भाषण केलं नाही (ही माझा सदरा मागून धरून होती), पण मनातल्या मनात केलं, आणि ते आजही मागे घेत नाही. ज्याचे पाय धड आणि मन शाबूत, त्याला ही खोली सापडते. ज्याला सकाळी केस विंचरण्याचंही ओझं वाटतं त्याने मात्र बोळ चालावा, बाण ओळखावा, टाकीला वळसा घालावा आणि दार लोटून 'मला मदत हवी' असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं. आजारी माणसानेच वैद्य शोधत हिंडायचं, ही कुठली व्यवस्था? मदतीला पाय फुटले पाहिजेत. ती दारापर्यंत चालत आली पाहिजे आणि दार उघडलं नाही तर पुन्हा आली पाहिजे. (इथे टाळ्या. निदान पूर्वी इथे पडायच्या.)

बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय करायला आवडतं? मी म्हणालो, बोलायला. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, त्याशिवाय? ही म्हणाली, "त्याशिवाय त्यांना ऐकणारं माणूस आवडतं." मग मला हिरवी टाचणी मिळाली.

चालणाऱ्यांच्या गटाची प्रमुख एक माजी बस कंडक्टरबाई. शिट्टी अजून गळ्यात. गटाची रीत अशी की जोडीजोडीने चालायचं, बागेच्या प्रत्येक फाटकाशी जोडी बदलायची आणि बोलता येईल इतक्याच वेगाने जायचं. शेवटची अट मला फारच पुरोगामी वाटली. अडचण एवढीच झाली की चालता चालता मुद्दा मांडता येतो, पण ठसवता येत नाही, त्यासाठी थांबावं लागतं, आणि एक हात मोकळा लागतो. मी प्रत्येक बाकापाशी थांबायला लागलो. पहिल्या दिवशी आम्ही कारंज्यापर्यंतही पोचलो नाही. मग कंडक्टरबाईंनी शिट्टी मारून फर्मान काढलं की जोडीदाराने थांबायचं नाही, माझं वाक्य संपो वा न संपो. त्यानंतर एक चमत्कार घडला. माझ्या वाट्याला आलेला माणूस झपझप चालू लागला. एक जाडजूड बेकरीवाले आहेत, जन्मात कधी घाई न केलेले. ते माझ्याबरोबर पहिल्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जवळजवळ पळाले. महिनाअखेरीस सगळ्यांचा रक्तदाब सुधारला आणि डॉक्टरीणबाईंनी गटाचं कौतुक केलं. कंडक्टरबाईंनी श्रेय मला दिलं. म्हणाल्या, असा माणूस प्रत्येक गटाला हवा, पण आता तो दुसऱ्या गटाला मिळू दे.

निळ्या टाचणीत मी टिकलो नाही. तिथे पोहण्याचे मास्तर श्वास शिकवतात. म्हणाले, काका, श्वास आत घ्या आणि धरून ठेवा. मी म्हणालो, "घेतला." ते म्हणाले, "बोललात, म्हणजे सोडला." असं पुष्कळदा झालं. शेवटी माझ्या शेजारच्या आजींना हसू आवरेना, त्यांचा श्वास सुटला, मग रांगेतल्या सगळ्यांचाच सुटला, आणि मास्तरांनी हात जोडले. (नमस्काराचा व्यायाम सुरू झाला असं समजून मीही जोडले.)

मी पुन्हा शेवटच्या खोलीत. बाईंनी माझ्या नावापुढचं 'निळी'ही खोडलं. मग म्हणाल्या, आमच्याकडे एक काम आहे. घराबाहेर न पडणाऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा फोन करायचा. मी खुर्चीतून उठलोच. हाच तो चालत दारापर्यंत जाणारा मदतीचा पाय! समाजाला अखेर माझा उपयोग कळला, असं मी हिला वाटेत सांगितलं. पहिल्या फोनसाठी भाषणही लिहून काढलं, 'एकाकीपण आणि समाजाची जबाबदारी', आणि आरशासमोर म्हणून पाहिलं. आरसा शेवटपर्यंत बसून होता.

पण आधी शिकवणी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडलेल्या, म्हणजे फोनसारखंच समोरच्याचं तोंड दिसू नये. एकाने फोन करणारा व्हायचं, दुसऱ्याने घेणारा. आणि प्रत्येक फोन करणाऱ्याच्या हातात एक संत्र्याची गोळी. नियम असा, की नाव सांगायचं, एक प्रश्न विचारायचा आणि गोळी तोंडात टाकायची. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. पलीकडचा बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर त्याचं न बोलणंही ऐकायचं. आणि गोळी चावायची नाही.

ताई, मी चावली. पहिली चावली, दुसरी चावली, तिसरी चावली तेव्हा तर अख्ख्या खोलीत कडकड ऐकू गेली आणि शिकवणाऱ्या बाई न वळता म्हणाल्या, "काका, ऐकू आलं." आयुष्यात मी एवढं लहान वाक्य कधी ऐकलं नाही आणि एवढा गप्पही कधी झालो नाही. एका क्षणी मला वाटलं राजीनामा द्यावा. पण हातातलं काम सोडून जाणाऱ्यांवर मी इतकी भाषणं केली आहेत, की जाता येईना.

पुढच्या खेपेला माझ्या पाठीमागे आमच्या चौकातले शिंपीकाका बसले. तेही फोन करायला शिकायला आले होते, पण त्या फेरीत त्यांना घेणारा व्हायचं होतं. त्यांच्या घरच्या बाई जाऊन फार दिवस झालेले नाहीत. मी नाव सांगितलं, 'कसं चाललंय' एवढंच विचारलं आणि गोळी तोंडात टाकली. ते काही बोलेनात. माझ्या जिभेवर सहानुभूतीची पाच-पंचवीस उत्तम वाक्यं रांगेत उभी, आणि मध्ये ती गोळी. मी ती या गालातून त्या गालात नेली. छताचा पंखा फिरत होता. त्यांच्या खुर्चीची पाठ माझ्या पाठीला लागत होती आणि त्यांचा श्वास मला कळत होता. गोळी अगदी पातळ झाली, नुसता काठ उरला, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले:

"मी फोन घेत नाही हो. वाटतं, कोणीतरी तिलाच मागेल. मग सांगावं लागेल."

मी काही बोललो नाही. ताई, हे मी शपथेवर सांगतो, आणि तुझा विश्वास बसणार नाही म्हणून त्या बाईंची साक्षही काढू शकतो. गोळी संपली होती तरी बोललो नाही. त्यांची पाठ हलत राहिली, माझी पाठ तिथेच ठेवली. मग ते आपणहून बोलत राहिले, एका अर्धवट शिवलेल्या पोलक्याबद्दल.

घरी आल्यावर मी 'एकाकीपण आणि समाजाची जबाबदारी' घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. आता टेबल हलत नाही. समाजाला त्या भाषणाचा एवढा तरी आधार झाला. हिने सगळं पाहिलं आणि काही विचारलं नाही. (तिला गोळी लागत नाही.)

बाकी ठीक. जेवत जा. भाचीला एखादं पत्र पाच शब्दांहून मोठं लिही, सहावा शब्द कोणताही चालेल.

तुझा धाकटा,
तुम्ही सगळे ज्याला भोंगा म्हणता तो

ता. क. एक छोटं काम आहे. या पत्राचं कारण खरं म्हणजे तेच. मला अजून पास केलेलं नाही. खऱ्या माणसाला, खऱ्या फोनवर सराव करून ये, असं शिकवणाऱ्या बाई म्हणतात. हिच्यावर सराव करता येत नाही, ती समोर असते आणि हसते. तेव्हा मंगळवारी, तुझी दुपारची झोप झाली की, फोन वाजेल. दोनदा वाजून बंद पडेल आणि लगेच पुन्हा वाजेल. तसा वाजला की ओळख, भोंगाच आहे. त्या फोनवर भावोजींना कोणी मागणार नाही. तुलाच मागेल.

आणखी ता. क. ही म्हणते, खरं लिहिणार असशील तर सगळं लिही. गुडघा दुखत नव्हता. तुझ्या भागात अशी काही सोय आहे का, हे विचारायला मी केंद्रात गेलो होतो, आणि दुसऱ्याचं दुखणं सांगायला गेलेल्या माणसाला खुर्ची देतात की नाही हे माहीत नव्हतं म्हणून स्वतःचा गुडघा पुढे केला. सोय आहे. लाल टाचणी, तुझ्या घरापासून पोस्टाच्या वाटेवर, संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर. तुझं नाव किंवा नंबर मी कोणाला दिलेला नाही. तू म्हणशील तेव्हा येऊन तुझ्याबरोबर जिन्यापर्यंत चालेन. वाटेत थांबणार नाही. (वगळलेले गुडघे वरच्या नमस्कारात जोडून घ्यावे.)

शेवटचं. मंगळवारी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पूर्वीसारखा रिसीव्हर टेबलावर ठेव आणि वाटाणे सोलत बस. हिने गोळ्यांचा डबा भरून ठेवला आहे. मी ऐकत बसेन.