तुझ्या गावातलं पाणी

आई, काल दुपारी तुझं गाव उघडलं. खरं गाव नव्हे. ते एच. डी. कोट्याकडचं, कबिनी नदीच्या धरणात बुडालं ते बुडालंच. कॉम्प्युटरच्या गेममध्ये तू बांधलं होतंस, ते. तू गेलीस तेव्हा तुझी नात फ्रॉक घालून शाळेत जात होती, आता नोकरीला लागली आहे, आणि इतकी वर्षं तो लॅपटॉप मी तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. अलीकडे बाहेर काढला, तर सुरू व्हायलाच एक आरती म्हणून व्हायची. नवा घेऊ, म्हणून लेक मागे लागली. चालती वस्तू टाकायची नाही, मी म्हटलं. मग तिने विंडोज काढून त्यात लिनक्स घालायचं ठरवलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रालाही झेपतं म्हणे. पण आधीचं सगळं पुसावं लागतं, हे ऐकून मी लॅपटॉप मिटून मांडीवर घेतला. म्हटलं, "आणि अज्जीचं गाव?" "अय्यो आई, ते मी आधीच पेनड्राइव्हवर घेतलंय. पण लिनक्सवर उघडेल की नाही, गोत्तिल्ला. माहीत नाही."

अजून डोळ्यांपुढे दिसतं: आपल्या सरस्वतीपुरमच्या भाड्याच्या घरात तू बसली आहेस, मांडीवर जपमाळ, हाताखाली माउस. नवं गाव मांडलं की आधी देऊळ बांधतेस. ते कुठल्या परदेशी देवाचं आहे कोण जाणे, तरी नमस्कार करतेस. मग घरं, सगळी डोंगरावर, नदीपासून लांब. गेममधली माणसं पाण्यावाचून वैतागतात, बोचकी उचलून चालू लागतात. नात ओरडते, "अज्जी, नदीकाठी बांध ना! सगळे पळाले बघ!" तू शांतपणे म्हणतेस, "पळू देत ग पुट्टी. पाण्याच्या कडेला घर बांधू नये." आणि स्वयंपाकघरात मी हसते.

हसायला नको होतं, कारण मला माहीत होतं. माझ्या लग्नाआधी आपण सगळे धरण बघायला गेलो होतो, तिथे मी म्हटलं होतं, किती छान दिसतंय पाणी. तू माझा दंड घट्ट धरलास. "छान म्हणू नको. खाली माझी चूल आहे." त्यानंतर मी त्या गावाबद्दल कधी विचारलं नाही. तुला दुखेल म्हणून, असं मी मानत आले. खरं तर रोजच्या कामाच्या रगाड्यात राहून गेलं. एकदा तर तू आपण होऊन हाक मारलीस, "इकडे ये ग, ह्या खेपेला नदीकाठी बांधलंय, बघ तरी." कढईत मोहरी तडतडत होती. "आले आले," म्हणाले, आणि वरणाला फोडणी देऊन तशीच पोळ्यांना लागले. तू पुन्हा बोलावलं नाहीस.

काल तेच गाव उघडायचं होतं, तू जपून ठेवलेलं ते एकच. हिने मला समजावलं, की हा गेम विंडोजशीच बोलायला शिकलेला, लिनक्सपुढे तो मुका. म्हणून मध्ये वाइन नावाचं साधन बसवायचं. "शनिवारी घरात वाइन?" मी म्हटलं, तर ही हसून हसून लोळली. चित्रांसाठी म्हणे वेगळा दुभाष्या लागतो. इथे भिंत काढ, तिथे झाड काढ, असं गेम आपल्या भाषेत सांगणार, तो ते लिनक्सला कळेल असं फिरवून सांगणार. पूर्वी ह्यात फार कटकट होती, आता बहुतेक गेम चालतात. ऑनलाइन खेळायच्या काहींचे फसवेगिरी पकडणारे पहारेकरी मात्र लिनक्सवाल्यांना अजून दारातच अडवतात. मी मनात मारुतीचं नाव घेत होते. पडदा काळा झाला, गेम बंद पडला. हिने काहीतरी बदललं, पुन्हा काळा. मग एकदम उजेड झाला आणि गाव आलं.

पण नदी नव्हती. घरं होती, वळणावर देऊळ, खाली उतरत गेलेल्या गल्ल्या, आणि नदीच्या जागी नुसती तपकिरी जमीन. माणसं कोरड्यातच वाकून घागरी भरत होती. "पाण्याचं चित्र दुभाष्याला जमत नाहीये," ही म्हणाली. "दुसरा लावून बघते, येईल पाणी."

"नको आणू!" मी इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली. मग सांगावं लागलं, चूल, धरण, सगळं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मीच तिला कधी सांगितलं नव्हतं. ती पडद्याजवळ सरकली. म्हणाली, "म्हणजे अज्जीने तिचंच गाव बांधलंय हे? आई, यातलं तिचं घर कुठलं?"

आई, मला माहीत नाही. देवळाजवळचं की गल्लीच्या तोंडाचं? अंगणात झाड होतं का? तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं, एवढंसुद्धा मी तुला विचारलेलं नाही. आणि विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू तर हाक मारत होतीस.

तिने दुसरा दुभाष्या लावला नाही. आता हे लिहिते आहे, पण ठेवायचं कुठे कळत नाही. देवघरातल्या पोथीत ठेवेन बहुतेक. एक सांगायचं राहिलं. लेकीने विचारलं तेव्हा मी तिला 'माहीत नाही' म्हटलं नाही. देवळामागच्या एका घरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे." तिने लगेच त्याचा फोटो काढून फोनच्या पडद्यावर लावला.