सीलबंद दालनात वाजणाऱ्या ट्रंक लाइन मॉड्यूलबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
घरगुती गॅस पुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, वरचा मजला.

विषय : गॅसगळतीच्या तक्रारींचे फोन बंद दालनात वाजत असल्याने दालनाचे सील काढण्याची परवानगी आजच मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे पूर्वीचे अर्ज व त्यांवरील "निकाली" हा शेरा.

महोदय,

मी, तळमजल्यावरील टेलिफोन ऑपरेटर, सविनय कळविते की मला भीती वाटते. सरकारी अर्जात भीती लिहू नये हे ठाऊक आहे. परंतु आधीच्या अर्जांत मी "गैरसोय" असे लिहिले होते व त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

१. बाहेरच्या लाइन एक्स्चेंजच्या पेटीत ज्या कार्डावर येतात, त्यास ट्रंक लाइन मॉड्यूल म्हणतात. गळतीच्या तक्रारींच्या सर्व लाइन एकाच मॉड्यूलवर आहेत. त्याची खाच जळाल्याने मेकॅनिकने ते काढून शेजारच्या रिकाम्या खाचेत बसविले. ती खाच बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या खासगी लाइनची होती. घंटा कुठे वाजवायची हे पेटी खाच पाहून ठरविते, त्यामुळे गळतीचा प्रत्येक फोन आता माझ्या टेबलाऐवजी त्या साहेबांच्या दालनात वाजतो. सामानाची मोजदाद व्हायची असल्याने दालनास भांडारपालांनी कुलूप घालून त्यावर लाखेचे सील लावले आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली गत झाली आहे.

२. दुसऱ्याचा फोन आपल्या जागेवरून उचलण्याची सोय यंत्रात आहे. मात्र अधिकाऱ्यांचा फोन ऑपरेटरने उचलू नये, अशी बंदी त्याच साहेबांनी यंत्रात घालून घेतली होती. मेकॅनिक म्हणतो, बाई, बंदी काढायला वरच्या साहेबांचं पत्र आणा, पाच मिनिटांचं काम आहे. ते पत्र मी आपणाकडे मागत आले आहे.

३. तांत्रिक शाखेने नंबर फिरवून पाहिला, घंटा वाजली, सबब मॉड्यूल चालू असल्याचा निर्वाळा देऊन माझा अर्ज निकाली काढला. एवढ्यावर थांबले असते तर बरे. मागील बैठकीत गळतीच्या तक्रारी शून्यावर आल्याबद्दल आमच्या मजल्याला पुष्पगुच्छ मिळाला. तो माझ्याच टेबलावर ठेवला आहे. भिंतीपलीकडे घंटा वाजत असते आणि मी त्या गुच्छाकडे बघत बसते. गळती पथकाची मंडळी काम नसल्याने फाटकापाशी पत्ते कुटत असतात. त्यांना कुठे पाठवावे म्हटले तर तक्रार क्रमांक मागतात, आणि फोन उचलल्याशिवाय तक्रार क्रमांक पडत नाही.

४. आता घरचे लिहिते, त्याबद्दल क्षमा असावी. माझे वडील दिवसभर घरात एकटे असतात. चहा ठेवतात आणि विसरतात. वास आला की हाच नंबर फिरवायचा, मी तिथेच बसलेली असते, असे मी त्यांच्याकडून घोकून घेतले आहे. कार्यालयाचा दुसरा नंबर सांगून पाहिला, पण आमच्या बाबांच्या डोक्यात एकदा बसलेली गोष्ट निघत नाही. ते घराबाहेर पडणार नाहीत. लेक उचलेपर्यंत रिसीव्हर कानाला लावून शेगडीशेजारी उभे राहतील.

५. आज जेवणाच्या सुट्टीपासून पलीकडची घंटा थांबलेली नाही. घरी फोन लावला तर एंगेज येतो. आत्याशी बोलत असतील, त्यांचे बोलणे लवकर आवरत नाही, असे मनाला समजावून झाले. शेजारच्या घराला कुलूप आहे. बोर्ड सोडून मला जाता येत नाही. शिपाई म्हणतो, सीलला हात लावला तर तुमची नोकरी जाईल आणि माझीही. त्याच्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ आहेत, त्याला मी दोष देत नाही.

तरी कृपया सील काढण्याची परवानगी द्यावी. निदान सील तसेच ठेवून घंटा तरी बंद करावी, अशी विनंती मी करणार होते. पण घंटा बंद झाली तर बाबांचे काय झाले हे मला कळणारच नाही, म्हणून ती मागे घेते.

आपली आज्ञाधारक व घाबरलेली,
(सही)
टेलिफोन ऑपरेटर, तळमजला
दिनांक : आजचाच

सोबत :
१. पूर्वीच्या अर्जांच्या प्रती
२. लाखेचे सील, तुटलेल्या स्थितीत

ता. क. : परवानगीची वाट पाहणे माझ्याने झाले नाही. सील मी एकटीने तोडले व कुलूपही मीच फोडले, शिपायाचा त्यात हात नाही. फोनवर बाबा नव्हते. एक बाई होत्या. सकाळपासून फोन लावतेय हो, एवढे बोलून त्या रडू लागल्या. त्यांना कॉक बंद करून, दिव्याच्या बटणांना हात न लावता, मुलांना घेऊन बाहेर पडायला सांगितले. बाबा नाहीत म्हणून आधी मला हायसे वाटले, याची लाज वाटते. तक्रार क्रमांक एक त्यांचा पडला. क्रमांक दोनवर मी माझ्या घरचा पत्ता लिहिला आहे. पथकाची गाडी एकच आहे, ती त्यांच्याकडे गेली. घरचा फोन अजून एंगेज आहे. मी साहेबांच्या खुर्चीवर बसून हे लिहीत आहे आणि समोरचा फोन पुन्हा वाजू लागला आहे.