कोकणच्या वाळूतला घोडा

सर, तुम्ही रंगवलेला ‘कोकणचा किनारा’ हल्ली शारजात असतो. अल मजाजला, तुमच्या लेकीच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर. शाळेत तो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर होता आणि त्याच्याखाली मी उभी, कारण मी समुद्र राखाडी रंगवला होता. “हे काय, भांडी विसळलेलं पाणी?” म्हणत तुम्ही माझ्या कागदावर निळ्याचा फराटा ओढलात. “दुसऱ्याचं बघून काढू नकोस, समोरचं बघ.” समोरचा समुद्र खरंच राखाडी होता, सर. त्या दिवसापासून ब्रश सुटला. पुढे संस्कृत घेतलं. तिथे आकाशाचा रंग कुणी तपासत नाही.

मला शंका एकच होती, तुमच्या चित्रात आपल्या वाळूत होडी ओढायला घोडा कुठून आला? परवा एका डच चित्रकाराचं पुस्तक हाती लागलं. एकोणिसाव्या शतकातला माणूस, पेढीवरचं काम सोडून उशिरा रंगांकडे वळलेला. किनाऱ्यावर खोली घेऊन खिडकीतून तोच समुद्र पुन्हा पुन्हा काढत बसला, राखाडी. तिथे धक्का नव्हता, म्हणून सपाट बुडाच्या होड्या घोडेच ओढत. एक पान उलटलं तर तुमचा घोडा, तुमची होडी, तुमचे ढग. तुमच्या पदरचं म्हणजे चार माड आणि निळं पाणी. शास्त्रात ह्याला चौर्यकर्म म्हणतात. मी दोनदा चहा केला, इतका आनंद झाला.

शुक्रवारी लेकीने आम्हा इथल्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. “बाबांच्या चित्रावर तू बोल गं, तू त्यांची विद्यार्थिनी.” बोलले की. त्या डच माणसाचं सगळं आयुष्य सांगितलं आणि शेवटी ते पान उघडून तुमच्या चित्राखाली धरलं. तुमचा नातू म्हणाला, “सेम हॉर्स, मम्मा.” मी तुमच्या लेकीचा चेहरा उतरायची वाट बघतेय, आणि ती श्रीखंड वाढतेय.

“सेमच असणार,” ती म्हणाली. “ह्याच चित्राचं कॅलेंडर मीच धरून बसायचे. बोटीवरच्या मामाने आणलेलं. हात भरून यायचे, आणि बाबा म्हणायचे, हलू नकोस, लाट हलतेय. खलास, आता जेवा सगळे.”

राग गेलेला नाही, सर, गैरसमज नको. पण तुम्ही आता नाही, तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून सांगते. ते कॅलेंडर धरायला एकदा मला बोलावलं असतंत, तर कोकणात घोडेच होड्या ओढतात, असं मी आजही शपथेवर सांगितलं असतं.